दोन खड्ड्यांचा संडास आणि घरचं सोनखत: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी सगळी माहिती

गावाकडे घर बांधताय, शेतावर राहायला जाताय किंवा जुन्या घरात पहिल्यांदाच संडास करताय, तर गवंड्याशी बोलायच्या आधी हे वाचून घ्या. कारण एकदा खड्डा खणला आणि स्लॅब पडला की कोणी परत फोडत नाही, आणि नव्वद टक्के चुका त्या पहिल्या दोन दिवसातच होऊन जातात.

मी इथे सांगतोय ते दोन शोषखड्ड्यांच्या संडासाबद्दल. कल्पना एकदम साधी आहे. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, तो भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, तेवढ्या काळात पहिल्यातलं पाणी जमिनीत मुरून जातं, मैला कुजून त्याची माती होते आणि ती माती म्हणजे सोनखत. मशीन नाही, पावडर नाही, विकतचं जिवाणूंचं कल्चर नाही, दर महिन्याचं काम नाही. फक्त वेळ द्यायचा. ह्या सगळ्या पद्धतीत वेळ हाच खरा माल आहे, आणि लोक नेमकी तिथेच घाई करतात.

आधी हे ठरवा की सेप्टिक टँक नको

बहुतेक ठिकाणी लोक दहा बाय दहाची टाकी बांधतात, आतून प्लास्टर करतात आणि "पन्नास वर्षं भरणार नाही" असं म्हणतात. ती भरते. आणि भरल्यावर त्यात जे असतं ते खत नसतं, तो कच्चा, पातळ, घाण वासाचा गाळ असतो, कारण बंद टाकीत रोज नवीन मैला वरून पडतच असतो, जुना आणि ताजा एकत्र, त्यामुळे "आता हे पूर्ण पिकलं" अशी वेळ कधी येतच नाही. मग गाडी बोलवा, गाडी गल्लीत येत नसेल तर माणूस बोलवा, आणि त्या टाकीत उतरून गॅसने माणसं मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. मला हे अजिबात सहन होत नाही. आपल्या घरच्या घाणीसाठी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा टाकीत उतरणार असेल तर ती सोय नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला माणूस लावणं गुन्हा आहे, आणि पूर्ण कुजायच्या आधी मैला हाताने काढावा लागेल असा संडास ठेवणंही त्याच कायद्यात बसत नाही.

ह्याच कारणासाठी बादलीचा संडास मी इथे कुणाला सुचवत नाही. परदेशात काही लोक बादलीत भुसा टाकून नंतर मोठ्या ढिगात कंपोस्ट करतात, नीट केलं तर ते चालतंही, पण त्यात ताजा मैला दर आठवड्याला हाताळावा लागतो, आणि आपण धुवायला पाणी वापरतो त्यामुळे बादली लगेच पातळ होते. आपल्याकडे ज्या कामावरून एका समाजाला पिढ्यानपिढ्या छळलं गेलं ते काम परत कुठल्याही नावाने घरात येता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन खड्ड्यात ताज्या मैल्याला कुणाचाच हात लागत नाही.

ही पद्धत नवीन नाही. बिंदेश्वर पाठकांनी १९७० मध्ये सुलभ सुरू केलं ते ह्याच दोन खड्ड्यांच्या संडासावर. त्याच्याही आधी आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात कमी खर्चाचा, मैल्याचं खत होईल असा संडास लोकांसमोर ठेवला होता, आणि देहूला डॉ. मापुसकरांनी मैल्यापासून गोबरगॅससारखा गॅस करणारे संडास उभे केले, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. स्वच्छ भारतमध्येही गावासाठी ह्याच दोन खड्ड्यांवर भर होता. म्हणजे आपण काही प्रयोग करत नाहीये, पुष्कळ वर्षं चाललेली गोष्ट नीट करायचीय एवढंच.

जागा बघणं

सगळ्यात आधी विहीर आणि बोअर कुठेय ते बघा, स्वतःचीच नाही तर शेजाऱ्याचीपण. खड्ड्यापासून पिण्याच्या पाण्याची विहीर निदान १० मीटर म्हणजे ३३ फूट लांब पाहिजे आणि शक्यतो खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला पाहिजे, वरच्या बाजूला नको. खालच्या मातीत मैल्यातले जंतू गाळले जातात, पण त्यासाठी माती पाहिजे. जिथे वरती फूटभर माती आणि खाली फुटलेला काळा पाषाण आहे तिथे पाणी भेगेतून सरळ जातं, गाळलं वगैरे काही जात नाही, त्यामुळे तिथे १० मीटरवर समाधान मानू नका, जेवढं लांब जमेल तेवढं जा. कोकणातल्या जांभ्यालाही हेच लागू.

दुसरं बघायचं ते पावसाळ्यात पाणी किती वर येतं. उन्हाळ्यात खड्डा खणला की सगळीकडे कोरडंच दिसतं. शेजारच्या विहिरीत श्रावणात पाणी जमिनीपासून किती खाली असतं ते जुन्या माणसांना विचारा. खड्ड्याचा तळ त्या पाण्याच्या वर किमान दोन मीटर राहिला तर उत्तम. नाही राहिला तर काय करायचं ते पुढे सांगतो.

खड्डे घराच्या पायापासून चार-पाच फूट तरी लांब ठेवा, मोठ्या झाडाच्या अगदी मुळाशी नको, आणि अंगणातलं किंवा पागोळ्याचं पाणी जिथे साचतं तिथे तर नकोच नको. दोन खड्ड्यांमध्ये एकमेकांपासून निदान तीन-साडेतीन फूट अंतर ठेवा, नाहीतर चालू खड्ड्यातलं पाणी झिरपून बंद खड्ड्यात जाईल आणि तो कधी सुकणारच नाही. जागा कमी असेल आणि खड्डे जवळच घ्यावे लागत असतील तर मध्ये न झिरपणारी भिंत घालावी लागते.

माती ओळखा

मोठी टेस्ट करायची गरज नाही. जिथे खड्डा घ्यायचाय तिथे पहारीने फूट-दीड फूट खोल छोटा खड्डा करा, पाणी भरा, जिरू द्या, परत भरा आणि बसून बघा. मुरमाड किंवा रेताड जमीन असेल तर पाणी डोळ्यांदेखत उतरतं. काळ्या मातीत पाणी तसंच उभं राहतं, कडा गुळगुळीत चिकट होतात आणि तासाभराने बोट बुडवलं तरी फरक कळत नाही.

हे का महत्त्वाचं, तर थोडा हिशोब करू. माणशी रोजचं धुण्याचं, ओतायचं पाणी आणि मैला-लघवी धरून साधारण १० लिटर, म्हणजे पाच माणसांचे ५० लिटर रोज जमिनीत मुरायला पाहिजेत. साडेतीन फूट व्यासाच्या आणि तीन फूट कामाच्या खोलीच्या (म्हणजे पाईपच्या खालची, प्रत्यक्ष भरायची खोली) खड्ड्याच्या आतल्या बाजूचं क्षेत्रफळ होतं साधारण तीन चौरस मीटर. बऱ्यापैकी झिरपणारी माती चौरस मीटरला रोज २० ते ३० लिटर पाणी पिते, म्हणजे ६० ते ९० लिटर, मजेत झालं काम. पण चिकण काळी माती पिते १० लिटर. म्हणजे ३० लिटर मुरणार आणि ५० येणार. असा खड्डा काही महिन्यातच तुंबतो आणि मग लोक म्हणतात ही पद्धतच बोगस आहे.

काळ्या मातीत मग खड्डा मोठा घ्यायचा, साडेचार फूट व्यास आणि चार फूट कामाची खोली घेतली तर पाच माणसांचं भागतं. शिवाय विटांच्या बाहेरून चारही बाजूंनी फूटभर जाडीचा वाळू, खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर भरायचा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हा थर नसला तर ती विटांचं बांधकाम आत ढकलते. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी हा खर्च अजिबात वाचवू नका.

खड्ड्याचं माप आणि बांधकाम

पाच-सहा माणसांच्या घराला, साध्या मातीत, आतून साडेतीन फूट व्यास आणि एकूण चार फूट खोली पुरते. चार फुटातला वरचा फूटभर पाईपच्या वरचा, म्हणजे तो भरायचा नाही. उरलेल्या तीन फुटात साधारण ८०० लिटर बसतात. माणसाचा कुजून-बसून उरणारा गाळ वर्षाला फक्त ४५ लिटरच्या आसपास धरतात, म्हणजे पाच माणसांचा २२५ लिटर, म्हणजे एक खड्डा साडेतीन वर्षं चालला. ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, "एवढ्याशा खड्ड्यात काय होणार" म्हणून गवंडी दहा फूट खोल घ्यायला सांगतो, त्याचं ऐकू नका. खोल खड्डा म्हणजे भूजलाच्या जवळ खड्डा, आणि नंतर खत काढायला आत उतरायची पाळी. चार फुटाच्या खड्ड्यातलं खत वर उभं राहून फावड्याने निघतं.

गोल खड्डाच घ्या, चौकोनी नको. गोल बांधकाम चारही बाजूंच्या मातीचा दाब सारखा घेतं. मध्ये खुंटी ठोका, दोरी बांधा, विटेची जाडी धरून साधारण सव्वादोन फुटाच्या दोरीने वर्तुळ आखा आणि खणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बांधकाम जाळीचं पाहिजे. एक थर सलग, एक थर दोन विटांच्या मध्ये दोन बोटं फट सोडून, असं आलटून पालटून. त्या फटीतून पाणी बाजूला मुरतं. रेताड जमिनीत फट अर्धा-पाऊण इंचच ठेवा नाहीतर वाळू आत येईल. पाईप जिथे आत येतो त्याच्या वरचा भाग मात्र सलग, बिनफटीचा बांधा, म्हणजे वरचं पावसाचं पाणी आत शिरत नाही आणि उंदीर-घुशीपण नाही. कोकणात विटेऐवजी चिऱ्याचे तुकडे चालतात, काही ठिकाणी भोकं पाडलेल्या सिमेंटच्या रिंगा मिळतात त्याही चालतात, काम पटकन होतं.

तळ मोकळा सोडायचा. कोबा नाही, फरशी नाही, काही नाही. आणि आतून प्लास्टर करायचं नाही, हे गवंड्याला एकदा नाही, तीनदा सांगा, आणि तो काम करत असेल तेव्हा तिथे हजर राहा, कारण त्याच्या हाताला सवय प्लास्टरची असते आणि त्याला वाटतं आपण मालकाचं काम चांगलं करून देतोय.

वरचं झाकण आरसीसीचं, दोन इंच जाडीचं, दोन अर्धगोल तुकड्यात केलं तर दोन माणसांना उचलता येतं. कडीसाठी सळई वाकवून ठेवा. कडा मातीच्या गाऱ्याने बंद करा, सिमेंटने चिणून टाकू नका, काढायचंय ते तुम्हाला. झाकण जमिनीपासून तीन-चार इंच वर ठेवा आणि भोवती माती चढती करा. गॅसचा पाईप लावायची गरज नसते, गॅस जाळीतून मातीत जिरतो, उलट पाईप लावला की डास आणि वास दोन्ही.

पाणी वर येणाऱ्या भागात

कोकण, गोवा, खाडीकाठ, नदीकाठची गाळाची जमीन, इथे पावसाळ्यात हात-दोन हातावर पाणी असतं. तिथे खड्डा खोल न घेता उथळ आणि रुंद घ्या आणि अर्धा जमिनीच्या वर बांधा, बाहेरून मातीचा भराव टाकून चांगला चोपून घ्या, संडासाचा चौथरा त्या हिशोबाने उंच होईल आणि दोन पायऱ्या जास्त लागतील, लागू द्या. विहीर जवळ असेल तर तळ बंद करायचा आणि चारी बाजूंनी दीड-दोन फूट बारीक वाळूचा थर द्यायचा, म्हणजे पाणी वाळूतून गाळत जाईल. एवढं करूनही खड्डा पाण्यातच राहणार असेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही. मग जमिनीच्या वर दोन कप्पे बांधून, धुण्याचं पाणी आणि लघवी वेगळी काढून, मैल्यावर राख टाकत जायचा कोरडा इकोसॅन संडास बघा, तमिळनाडूत मुसिरीला तसे बांधले गेलेत. त्याला घरातल्या सगळ्यांना शिस्त लागते, पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं, तो वेगळा विषय आहे.

भांडं, पाईप आणि वाय चेंबर

दुकानातलं नेहमीचं भांडं आणू नका. ते सपाट असतं, त्याला प्रत्येक वेळी अर्धी बादली पाणी लागतं आणि तेवढं पाणी खड्ड्याला झेपत नाही. रुरल पॅन म्हणून मागा, त्याचा उतार २५ ते २८ अंशाचा, खडा असतो, दीड-दोन लिटर म्हणजे मोठं टमरेलभर पाण्यात साफ जातं. त्याला २० मिलिमीटर वॉटर सीलचा पी-ट्रॅप, म्हणजे भांड्याखालचा वाकडा पाईप. त्यात थोडं पाणी कायम राहतं म्हणून वास आणि माश्या वर येत नाहीत. सीटच्या मागे फ्लश टाकी लावू नका, ती पाण्याचं सगळं गणित बिघडवते.

तिथून चार इंची पाईप वाय चेंबरपर्यंत, उतार चांगला ठेवा, दहा फुटाला एक फूट असा धरून चाला. पाईपला वळणं नकोत.

वाय चेंबर म्हणजे दोन्ही खड्ड्यांच्या आधी बांधलेली वीतभर-दीड वीत रुंद चौकोनी कुंडी. एका बाजूने संडासाचा पाईप येतो आणि समोर दोन तोंडं फुटतात, एक डाव्या खड्ड्याला, एक उजव्याला. आतला तळ घोटून गुळगुळीत आणि पन्हळीसारखा करतात, कोपरे ठेवत नाहीत, म्हणजे काही अडकत नाही. दोनपैकी एका तोंडात वीट बसवायची आणि कडेने चिखलाने किंवा अगदी कमी सिमेंटच्या मालाने बंद करायचं, पुढेमागे छिन्नीच्या दोन ठोक्यात निघायला पाहिजे. वर उघडता येईल असं झाकण.

तपासणी करायला गेलात तर बहुतेक बिघडलेले संडास इथेच बिघडलेले सापडतील. गवंड्याने चेंबर केलेलाच नसतो, पाईपला टी जोडून दोन्ही खड्डे एकदमच चालू करून दिलेले असतात, किंवा पहिल्या खड्ड्यातून दुसऱ्यात ओव्हरफ्लो काढलेला असतो. दिसायला दोन खड्डे, पण काम सेप्टिक टँकचंच. दोन्ही एकदम भरणार आणि दोन्हीत ताजा मैला. तेव्हा झाकणं लावायच्या आधी स्वतः एक बादली पाणी भांड्यात ओता आणि बाहेर येऊन बघा, पाणी एकाच खड्ड्यात पडतंय ना. दोन्हीत पडत असेल तर गवंड्याचा हिशोब तिथेच थांबवा.

रोज वापरताना

वापरायच्या आधी भांडं थोडं ओलं करून घ्यायचं म्हणजे चिकटत नाही. नंतर दीड-दोन लिटर पाणी, बस. आंघोळीचं, कपड्याचं, भांड्याचं पाणी ह्यात सोडायचं नाही, त्याला वेगळा शोषखड्डा करा नाहीतर सरळ केळीला द्या. छताचं पाणी तर लांबच.

सॅनिटरी पॅड, डायपर, गुटख्याच्या पुड्या, केस, चिंध्या, प्लास्टिक काहीही आत टाकायचं नाही. ते कुजत नाही आणि दोन वर्षांनी तुमच्याच फावड्यात येतं. संडासात झाकणाचा डबा ठेवा, बायकांना आणि मुलींना अडचण होते म्हणून त्या नाइलाजाने आत टाकतात, डबा ठेवणं हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे.

साफ करायला ब्रश आणि साधा साबण-पावडर. अॅसिड आणि फिनेलच्या बाटल्या ओतू नका, खड्ड्यातले जे जिवाणू आणि किडे फुकटात तुमचं काम करतायत त्यांनाच आपण मारतो आणि मग वास आला म्हणून अजून फिनेल ओततो. बाजारात "संडास कुजवायची पावडर" मिळते, तिचीपण गरज नाही, जिवाणू मैल्यातच असतात.

भरला कधी समजायचं आणि बदलायचं कसं

पाणी ओतल्यावर हळूहळू जातंय, गुडगुड आवाज येतोय, भांड्यात पाणी चढतंय, ही लक्षणं. आधी ट्रॅपमध्ये काही अडकलंय का बघा, नंतर चेंबरचं झाकण उघडून तिथे पाणी तुंबलंय का बघा. तुंबलं असेल तर खड्डा भरला.

बदलायचं काम तासाभराचं. हातमोजे घाला, चेंबरमध्ये पाणी ओतून धुवून घ्या, बंद तोंडातली वीट काढा, चालू तोंडात ती बसवा, चिखल लावा, झाकण ठेवा. झालं. आणि लगेच तारीख लिहून ठेवा. संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने "डावा बंद, जून २०२५" असं लिहिलं की घरातल्या सगळ्यांना माहीत राहतं, वहीत लिहिलेलं दोन वर्षांनी कुणाला सापडत नाही.

दोन वर्षं कशाला थांबायचं

बरेच जण सहा महिन्यात झाकण उघडून बघतात, वरून काळी माती दिसते आणि वाटतं झालं. नाही झालं. हगवण, टायफॉइडचे जंतू त्यामानाने लवकर मरतात, पण जंतांची अंडी, म्हणजे पोटातल्या लांबड्या गोल जंतांची, फार चिवट असतात. वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, शाळेत-अंगणवाडीत पोरांना जंताची गोळी देतात ना, त्यातलेच हे जंत. त्यांची अंडी ओल्या मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात आणि माती हाताला, भाजीला लागून परत पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २० ते ३५ अंश तापमानाला एक वर्षापेक्षा जास्त आणि त्याहून थंड ठिकाणी दीड ते दोन वर्षं साठवण सांगितलीय. आपलं हवामान उष्ण आहे, पण खड्ड्यात ओल असते, पावसाळ्यात अजून वाढते, म्हणून मी सगळ्यांना सरसकट दोन वर्षं सांगतो. आणि दुसरा खड्डा तसाही तीन वर्षं चालणार असेल तर घाई कशाची?

ह्या काळात बंद खड्ड्यात काहीही टाकायचं नाही. ओला कचरा नाही, शेण नाही, "एक दिवस पाहुणे जास्त आले म्हणून" तर अजिबात नाही. एक दिवसाचा ताजा मैला पडला की दोन वर्षं परत पहिल्यापासून मोजावी लागतात.

उघडणं आणि खत काढणं

मार्च ते मे मध्ये उघडा, पावसाळ्यात कधीच नाही. झाकणाचे दोन्ही तुकडे बाजूला करा आणि तासभर तसंच उघडं राहू द्या. सोबत कुणीतरी असू द्या. गमबूट, रबरी हातमोजे, तोंडाला रुमाल, मुलांना लांब ठेवा.

नीट पिकलेला खड्डा बघितला की ओळखू येतो. भरताना पाईपपर्यंत असलेली पातळी आता चांगली खाली बसलेली असते. फावडं टेकवलं की वरचा पापुद्रा मोडतो आणि खाली गडद तपकिरी, रवाळ, चहापत्तीसारखी भुसभुशीत माती निघते. कडेने विटांच्या फटीतून गवताची किंवा जवळच्या झाडाची बारीक पांढरी मुळं आत आलेली असतात, कुठे एखादं गांडूळ. मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि बोटाने टोचला की फुटतो. वास ओल्या मातीचा. मैल्याचा वास येत असेल, चिकट असेल, पाणी दिसत असेल तर खत झालेलं नाही, गुपचूप झाकण लावा आणि पुढच्या उन्हाळ्यात या.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राचे पेयजल आणि स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः तेलंगणातल्या वारंगल जिल्ह्यात गंगादेवीपल्लीला अशा खड्ड्यात उतरले होते आणि त्यांनी हातांनी खत काढून दाखवलं होतं. आयएएस अधिकाऱ्याने केलं म्हणून ते मोठं नाही, पण लोकांच्या मनातली भीती घालवायला कुणीतरी असं करून दाखवणं गरजेचं होतं. तुमच्या घरी हे काम घरच्यांनीच करा. मजूर लावू नका. पिकलेल्या खड्ड्यात किळस वाटण्यासारखं काही नसतं, आणि किळस वाटण्यासारखं असेल तर तो कुणीच उपसायचा नसतो.

एका खड्ड्यातून बरीच घमेली खत निघतं. ते लगेच शेतात न टाकता पसरून चांगल्या उन्हात आठ-पंधरा दिवस वाळवा, फावड्याने वरखाली करत राहा. प्लास्टिक वगैरे सापडलं तर बाजूला काढा.

कुठे घालायचं

नारळ, आंबा, चिकू, केळी, शेवगा, फुलझाडं, बांधावरची झाडं. झाडाच्या आळ्यात कडेने थोडी माती उकरून खत घाला आणि वरून मातीने झाका, पाणी द्या. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर, काकडी, म्हणजे जे मातीला टेकतं आणि आपण कच्चं खातो, त्याला घालू नका. दोन वर्षं थांबलात तर धोका फारच कमी उरतो, तरीपण झाडं आहेत ना, मग भाजीत घालायचा हट्ट कशाला. शेतात पेरणीच्या आधी नांगरटीत मिसळलं तर ज्वारी-बाजरीला चालतं. काम झालं की हात साबणाने, नखांपर्यंत. फावडं-घमेलं धुवून उन्हात.

घरातली म्हातारी माणसं कधीकधी देवाच्या फुलांना हे खत नको म्हणतात. वाद घालू नका, नारळाला घाला, पुढच्या हंगामात तोच नारळ बोलेल.

खर्चाचं म्हणाल तर दर गावागणिक बदलतात, पण दोन छोटे खड्डे हे एका मोठ्या टाकीपेक्षा स्वस्तातच पडतात, सिमेंट, सळई सगळंच कमी लागतं. स्वच्छ भारतमधून पात्र कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान मिळत आलंय, ग्रामसेवकाकडे चौकशी करा, कारण बांधायच्या आधी नाव लागलेलं असावं लागतं.

आधीच एकच खड्डा असेल तर तो फोडायची गरज नाही. तो जाळीचा आणि तळ मोकळा असेल तर तीन-साडेतीन फूट सोडून शेजारी दुसरा खणा, पाईप कापून मध्ये वाय चेंबर बसवा, जुना बंद करा आणि तिथून दोन वर्षं मोजायला लागा. प्लास्टर केलेली टाकी असेल तर तसं जमणार नाही, ती आधी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या सक्शन गाडीने रिकामी करून घ्यावी लागते, आणि त्या टाकीत कुणालाही, कितीही पैशासाठी, उतरवायचं नाही.

खत काढून झालं की रिकामा खड्डा धुवू नका, आत पाणी मारू नका, फक्त विटांच्या फटी माती धरून बुजल्या असतील तर सळईने मोकळ्या करा, निसटलेली वीट बसवा, झाकण लावून कडा चिखलाने बंद करा. दुसरा भरेपर्यंत तो तसाच कोरडा पडून राहिला तरी चालतं.